आधी बॉनेट उघडा, मग चावी मागा

वाचकाचं पत्र

मी दिवसभर पडद्यासमोर बसून काम करते आणि संध्याकाळी हातांना काहीतरी खरं काम हवं असं वाटतं. घरात रोजच्या वापराला एक साधी गाडी आहे. तिचं ऑइल, एअर फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलते. त्यापुढे कधी गेले नाही. आता एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची, मनसोक्त चालवायची आणि तिची देखभाल जमेल तेवढी स्वतः करायची असं ठरवलंय. पैसे बेताचेच आहेत. डोक्यात तीन नावं आहेत: पोर्शे ९४४, माझदा आरएक्स-८ आणि बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली सहा सिलिंडरची थ्री सिरीज. माझदा एमएक्स-५चं नाव काढलं की धाकटा भाऊ हसतो. म्हणतो, "ताई, तिच्यापेक्षा आपली घरची गाडी जोरात पळेल." शिवाय तिच्या कापडी छताची मला धास्ती वाटते. कोणती घेऊ?

— हात काळे करायला तयार

उत्तर

तुमच्या यादीतल्या तिन्ही गाड्या चालवायला झकास आहेत, आणि तिन्हींपैकी एकही तुम्ही पहिली म्हणून घेऊ नये. एमएक्स-५ घ्या. दुसऱ्या पिढीतली, न गंजलेली, कुणी फारसे प्रयोग न केलेली.

कारण तुमच्याच पत्रात आहे. देखभाल स्वतः करायची, हे एक वाक्य तुम्ही लिहिलंत आणि सगळा हिशेब बदलला. एरवी माणूस गाडी निवडतो ती चालवायला कशी आहे ते पाहून. तुम्हाला ती उघडायला कशी आहे हे आधी पाहावं लागेल. हात आत जातो का, पाना फिरायला जागा आहे का, एक छोटा भाग बदलायला किती मोठे भाग उतरवावे लागतात, आणि तो भाग पुढच्या आठवड्यात मिळतो की पुढच्या वर्षी. चालवण्याची मजा नंतर. स्पोर्ट्स कार म्हणून नावाजलेल्या बहुतेक गाड्या मजा देतातच. त्या मजेपर्यंत पोचू देतात का, यात फरक असतो.

आधी ९४४ पाहू. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली गाडी. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोन्हींना जोडणारी लांब नळी मधोमध. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं आणि वळणावर ती अशी चिकटून बसते की चालवणाऱ्याचा स्वतःबद्दल गैरसमज व्हावा. पण क्लच प्लेट संपली की हीच रचना अंगावर येते. क्लच असतो इंजिनापाशी. तिथे पोचायचं तर सायलेन्सरचे पाइप उतरवा, मागचे ड्राइव्ह शाफ्ट सोडवा, गिअरबॉक्स खाली घ्या, ती नळी मागे ओढा, मग कुठे क्लचचं तोंड दिसतं. लिफ्ट असलेल्या मुरलेल्या मेकॅनिकलाही हे एका दुपारचं काम नाही. जमिनीला पाठ टेकून, चार स्टँडवर गाडी ठेवून करणाऱ्याने तर विचारूच नये. दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याची. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावा लागतो. इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा, आणि दोन्हींचा ताण नेमका लागतो. विकायला आलेली स्वस्त ९४४ स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं: यातलं एखादं काम जवळ आलंय आणि मालकाला ते करायचं नाहीये. शिवाय गाडीची किंमत वयाबरोबर उतरली, तरी सुट्या भागांवर नाव पोर्शेचंच छापलेलं असतं.

आरएक्स-८चं आकर्षण मला कळतं. २००३ साली आलेली, २०१२ला बंद झालेली, चार दारांची आणि इंजिनात पिस्टनच नसलेली गाडी. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर गरगरतात आणि सहा गिअरच्या गाडीत सुई ९००० फेऱ्यांपर्यंत कुरकुर न करता चढते. तुम्हाला यंत्राची आवड आहे, म्हणून हे इंजिन एकदा उघडून पाहावंसं वाटणारच. मात्र त्याची तब्येत तपासायची कशी? रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचा दाब वेगळा मोजावा लागतो. साधा कम्प्रेशन गेज फक्त सगळ्यांत मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे आजारी बाजू दोन धडधाकट बाजूंच्या आड लपते. त्यासाठी खास मापक लागतो. रोटरच्या टोकावरच्या सील झिजल्या की इंजिन खोलून नव्याने बांधण्याला पर्याय नसतो. ही गाडी ऑइल खाते ते मुद्दाम, सीलना वंगण मिळावं म्हणून. त्यामुळे पेट्रोल भरताना ऑइलची पट्टी पाहायची सवय लागते. थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद केलं, नुसती जागा बदलायला म्हणून, तर पुढच्या वेळी प्लग पेट्रोलने भिजलेले मिळण्याची भीती असते. दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून जरूर घ्या.

ई४६वर बोट ठेवणं मला अवघड जातं, कारण ती खरोखर चांगली गाडी आहे. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, मऊ आवाज, सुट्या भागांचा सुकाळ, आणि प्रत्येक कामाची सचित्र माहिती कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेली. तिची दोन दुखणी मात्र जगजाहीर आहेत. थंडावा राखणारी सगळी यंत्रणा, म्हणजे कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, नळ्यांची तोंडं, प्लास्टिकची आहे. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं आणि एक दिवस चिरतं. त्या दिवशी सुई लाल रेघेकडे जाताना लक्ष नसलं, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. दुसरं दुखणं डिकीच्या तळाशी. मागच्या सस्पेन्शनची चौकट जिथे पत्र्याला धरते तिथे भेगा पडतात. डिकीतला गालिचा उचलून आणि गाडीखाली शिरून, दोन्हीकडून पाहावं लागतं. तिथे भेग असेल तर ते वेल्डिंगचं काम आहे, पान्याचं नाही. तुम्हाला मागे माणसं बसवायची असती तर मी हीच सुचवली असती. पण मागे बसणाऱ्यांसाठी तुमच्याकडे घरची गाडी आहेच.

आता एमएक्स-५. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६च्या एप्रिलमध्ये तिची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दोन माणसांच्या उघड्या गाडीत एवढा खप दुसऱ्या कुठल्याही गाडीचा झालेला नाही. तुमच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला जो बोल्ट सुटत नाहीये तो याआधी हजारो लोकांना सुटला नव्हता, आणि तो कसा सोडवायचा हे त्यांनी लिहून ठेवलंय. भागही मूळ कंपनीचे, इतर कंपन्यांचे, जुन्या गाड्यांतून काढलेले, सगळे मिळतात.

बॉनेट उघडून पाहा. चार सिलिंडरचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. बहुतेक छोट्या गाड्यांत ते आडवं असतं आणि बेल्टची बाजू चाकाच्या कमानीत चेपलेली असते. इथे बेल्ट रेडिएटरकडे तोंड करून समोर उभा. पहिल्या दोन पिढ्यांत टायमिंग बेल्ट आहे आणि तो साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. पहिल्या पिढीच्या इंजिनात तो तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडत नाही. गाडी बंद पडते, इंजिन वाचतं. शिकणाऱ्या हातांना याहून मोठी सवलत नाही.

हे काम कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. कूलंट काढून वरची नळी सोडवायची, पुढचे पट्टे उतरवायचे, प्लास्टिकची झाकणं काढायची. वर कॅमच्या दोन चकत्या दिसतात, एकीवर आय आणि दुसरीवर ई हे अक्षर कोरलेलं. इंजिन हाताने फिरवून ही अक्षरं खुणांसमोर आणायची, जुना बेल्ट काढायचा, नवा चढवायचा. दोन खुणांच्या मधे बेल्टचे १९ दाते मोजून घ्यायचे. मग ताण देऊन, पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवायचं आणि खुणा परत जुळतात का ते पाहायचं. जुळल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. वॉटर पंप आणि पुढच्या ऑइल सीलही याच उघडलेल्या जागेतून निघतात, म्हणून त्या त्याच वेळी बदलून टाकतात. पहिल्यांदा करणाऱ्याला शनिवार-रविवार जाईल, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

क्लचचंही तसंच. या गाडीत एक नेहमीची तक्रार येते: पेडल हळूच खाली बसतं आणि गिअर खरखरतो. लोक क्लच गेला म्हणून हाय खातात. बहुतेक वेळा गेलेला असतो तो स्लेव्ह सिलिंडर, पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा, मुठीत मावणारा तुकडा, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला दोन बोल्टांवर लावलेला. पाइप सोडवा, बोल्ट काढा, नवा लावा, हवा काढा, झालं. कित्येक आधुनिक गाड्यांत हाच भाग गिअरबॉक्सच्या पोटात असतो आणि त्याच्यासाठी आख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. अर्थात ही गाडी बनवणारेही संतमहंत नव्हते. ऑइल फिल्टर त्यांनी इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असा दडवलाय की तो नजरेने नाही, बोटांनीच शोधायचा; आणि सुटला की गरम ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. लांब बाह्यांचा जुना शर्ट ठेवा.

भावाचं म्हणणं खोटं नाही. पहिल्या पिढीतली १.६ लिटरची गाडी शून्य ते शंभर गाठायला नऊ सेकंदांच्या आसपास घेते आणि टर्बो लावलेल्या कितीतरी घरगुती गाड्या तिला सिग्नलवर मागे टाकतील. पण सिग्नल ते सिग्नल ही स्पर्धा तुम्हाला करायची आहे का? तुम्ही लिहिलंय 'मनसोक्त चालवायची'. साडेतीनशे अश्वशक्तीच्या गाडीत दुसरा गिअर संपेपर्यंत कायद्याची मर्यादा संपते. उरलेलं सगळं इंजिन पैसे देऊन घेतलेलं आणि कधी न वापरलेलं. पहिल्या दोन पिढ्यांतली एमएक्स-५ टनाच्या आसपास भरते. तिच्यात दुसरा, तिसरा गिअर पूर्ण ताणता येतो, वळणावर टायर कधी सुटायला लागतात ते बुडाखाली कळतं आणि हे सगळं अशा वेगाला घडतं की चुकलं तर सावरायला वेळ मिळतो. भावाला एकदा वळणांच्या रस्त्यावर तिच्या स्टेअरिंगवर बसवा आणि घाई करू नका.

वजनाचा दुसरा फायदा थेट तुमच्या हत्यारांच्या पेटीशी जोडलेला आहे. सारख्याच वेगावरून थांबताना दीड टनाच्या गाडीच्या ब्रेकना एक टनाच्या गाडीपेक्षा दीडपट उष्णता पचवावी लागते. त्यामुळे हलक्या गाडीच्या डिस्क लहान, पॅड लहान, टायर अरुंद, बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरचा भारही कमी. ती सगळं सावकाश झिजवते आणि जे झिजतं ते स्वस्त असतं.

कोणती पिढी? पहिली, १९८९ ते १९९७, उघडमीट करणाऱ्या दिव्यांची. दिसायला लोभस, पण आता संग्राहकांच्या नजरेत आल्याने चांगल्या गाड्यांचे भाव चढलेत. अगदी सुरुवातीच्या १.६ गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पुली ढिली पडून तिला जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच खराब होण्याचं दुखणं त्यांना आहे, तेवढं विचारून घ्या. दुसरी पिढी, १९९८ ते २००५. दिवे स्थिर, मागची खिडकी प्लास्टिकऐवजी काचेची, आणि सोपेपणा बराचसा तोच. तिच्याभोवती आठवणींचं वलय नाही, म्हणून ती परवडते. तुमच्यासाठी हीच. तिसरी, २००५ ते २०१५: थोडी मोठी, बेल्टऐवजी चेन, आत बसायला ऐसपैस. तुमची उंची जास्त असेल किंवा तुम्हाला जरा नवी सुरक्षा हवी असेल तर ही पाहा. जुन्या उघड्या गाडीत बसताना एक गोष्ट मान्य करून बसायचं असतं: आजच्या गाडीइतकं संरक्षण ती देणार नाही.

आता खरं महत्त्वाचं: कुठली गाडी यापेक्षा त्यातली नेमकी कोणती. या गाडीला इंजिन मारत नाही, गंज मारतो. आणि इथेच तुमच्या कापडी छताचा मुद्दा येतो. धास्ती बरोबर आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. छत थोडंफार गळलं तर सीट ओली होते, पुसता येते. छतावरचं पाणी मात्र वाहत मागे येतं, सीटच्या मागच्या कोपऱ्यांतल्या दोन निचऱ्यांतून खाली उतरतं आणि बाहेर पडतं. पानं, माती, छताचे धागे साठून ते निचरे तुंबले की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत मुक्काम करतं. पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगावर फोड दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते.

म्हणून गाडी पाहायला गेलात की इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी मागच्या चाकापुढे गुडघे टेका. दाराखालची पट्टी जिथे चाकाच्या कमानीला मिळते तो वीतभर भाग नीट पाहा. बोटाच्या पेराने टकटक करत पुढून मागे या. चांगला पत्रा खणखणतो; आवाज मधेच बद्द झाला तर तिथे पुट्टी भरलीय किंवा आत गंजाचे पापुद्रे साचलेत. फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्राच नाही. ताजं काळं रबरी लेपन फक्त तेवढ्याच जागी दिसलं तर विचारा, का लावलं. दुसऱ्या पिढीत गाडीखालून पुढच्या चासीच्या दांड्याही पाहा, बंपरच्या मागे. तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत आणि गंज त्या थरांत शिरतो. या दोन जागा कुजलेल्या असतील तर रंग कितीही चकचकीत असो, परत या. इंजिन बदलता येतं. पत्रा कापून वेल्डिंग करणं हे वेगळं शिक्षण आहे.

बाकीची तपासणी कोणत्याही जुन्या गाडीची असते तीच. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवत असते. पहिल्या पिढीची गाडी सुरू होताना काही क्षण टिकटिक झाली आणि थांबली तर ते व्हॉल्व्ह उघडणारे हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, चांगल्या ऑइलने बहुधा गप्प बसतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. दुसऱ्या गिअरमध्ये जरा झटकन जाऊन पाहा, खरखर झाली तर गिअरबॉक्समधल्या रिंग थकल्यात. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिन ओरडलं आणि गाडी मागेच राहिली तर क्लच घसरतोय. मालक तयार असेल तर कम्प्रेशन मोजा. चार आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की पुरे, एकट्या आकड्याला फार किंमत नाही. १९९६ पासून अमेरिकेत आणि २००१ पासून युरोपात विकल्या गेलेल्या पेट्रोल गाड्यांना दोष वाचायचं ओबीडी-२ सॉकेट असतं, तिथे छोटा स्कॅनर लावता येतो. सगळे दोष नुकतेच पुसलेले दिसले तर तोही एक जबाबच.

आणि टायर वाचा. प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष; २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चार चाकांवर चार कंपन्यांचे, वेगवेगळ्या वर्षांचे स्वस्त टायर असतील, तर जे दिसत नाही त्यावर या मालकाने किती खर्च केला असेल याचा अंदाज तुम्हीच करा. उलट जाडजूड फाईल, तारीखवार पावत्या, जपून ठेवलेलं सर्व्हिसचं पुस्तक दिसलं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, घरी टर्बो लावलेली, डॅशबोर्डखाली लाल-निळ्या वायरींचा गुंता असलेली गाडी कितीही स्वस्तात मिळो, सोडून द्या. तुम्हाला गाडीचं दुखणं शोधायला शिकायचंय, एका अनोळखी माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं ते नाही.

पैशांचं गणित मी असं मांडतो: हातात असलेल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी, तिसरा भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला. त्यातून हत्यारं घ्या: चांगला सॉकेट सेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, भक्कम जॅक आणि चार स्टँड. स्टँडशिवाय गाडीखाली कधीही जायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. जॅकची सील फुटायला मिनिट लागत नाही.

गाडी घरी आली की पहिले काही आठवडे तिला सजवू नका. आधीच्या मालकाने काय बदललं असं तो सांगतो त्यावर विसंबू नका आणि सगळे द्रव बदला: इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं, मागच्या डिफरन्शियलचं, कूलंट, ब्रेक फ्लुइड. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. नवं कोरं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या डॉट ४साठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटात उतरताना हा फरक पेडलखाली कळतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. गिअरबॉक्सचं ऑइल काढताना आधी वरचं, भरायचं बूच सुटतं का ते पाहा आणि मगच खालचं उघडा. खालचं आधी उघडलं, सगळं ऑइल वाहून गेलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. हा प्रकार पुष्कळांच्या बाबतीत घडतो, आणि नेहमी रविवारी संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. स्पार्क प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, तेव्हा पहिले काही फेरे फक्त बोटांनी द्या. तिरपा बसलेला प्लग पान्याने दाबला की आटे गेले. सीटमागचे ते दोन निचरेही याच काळात साफ करा, मऊ प्लास्टिकच्या लवचिक नळीने. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते आणि पाणी नको तिथे उतरायला लागतं. नंतर दर पावसाळ्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते खालून बाहेर पडतं का ते पाहिलं की झालं.

शोधूनही न गंजलेली एमएक्स-५ मिळालीच नाही, तर कुजकी घेऊन समाधान मानू नका, दुसरीकडे वळा. बजेट थोडं ताणता येत असेल तर २०१२ पासूनची टोयोटा ८६ किंवा तिचीच जुळी सुबारू बीआरझेड: पक्कं छत, मागची चाकं ओढणारी, हलकी, फक्त तिच्या इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पहुडलेले असल्याने स्पार्क प्लग बदलताना बोटांची परीक्षा होते. १९९९ नंतरची टोयोटा एमआर२ही मजेदार आहे, मात्र इंजिन सीटमागे असल्यामुळे हात घालायला जागा कमी, आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत एक्झॉस्टमधल्या छोट्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे तुकडे सुटून इंजिनात शिरण्याचा धोका आहे. होंडा एस२०००चं नाव काढू नका. ती गाडी उत्तम आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती आता बेतात बसत नाही.

काही कामं मात्र हातची असूनही बाहेर द्या. एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका. एसीचा गॅस साधनांशिवाय काढू-भरू नका. स्प्रिंग दाबून शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायची वेळ आली तर पहिल्यांदा ते काम येणाऱ्या माणसाला सोबत घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. आणि सस्पेन्शनमधलं काहीही सोडवलंत की चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. या गाडीत चारही चाकांना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, जुळवायचे बोल्ट आहेत. वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याने ते बुशमध्ये गंजून बसलेले असतात. गाडी घेण्याआधीच मालकाला विचारा, शेवटचं अलाइनमेंट कधी केलं आणि त्याचा कागद आहे का. ते बोल्ट फिरतात हे त्या कागदावरून कळेल.